याला नाव काय देऊ?

“तयार?” वहिनीने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता टाळी वाजवली.

दादा आणि धाकटी आपापल्या कॉम्प्युटरवर तुटून पडले. कंपनी घरच्याच तिघांची, धंदा बसगाड्यांची वेळापत्रकं लावणाऱ्या सॉफ्टवेअरचा. त्याची मुख्य फाईल दादाने एकहाती लिहिलेली, मारुतीच्या शेपटासारखी लांबच लांब, आणि तिला तो कुणाला बोट लावू देत नसे. आज मात्र पैज लागली होती. कोडमधला गुंता सोडवून देणारी दोन अ‍ॅड-इन चाचणीला आली होती. एक दादाच्या पसंतीचं, एक धाकटीच्या. त्या फाईलचा गुंता जो आधी सोडवून संपवेल त्याचं अ‍ॅड-इन विकत घ्यायचं आणि फाईलही त्याच्याच ताब्यात. धाकटीला ती फाईल हवी होती. अगदी मनापासून हवी होती.

दादाचं अ‍ॅड-इन वाऱ्यासारखं सुटलं. बटण दाबलं की लांबलचक फंक्शनचे तुकडे पटापट वेगळे: नवं-एक, नवं-दोन, नवं-तीन. धाकटीचं मात्र दर तुकड्यापाशी हटून बसे आणि विचारे, याला नाव काय देऊ?

“बारसं चाललंय की शर्यत?” दादा खिदळला. आणि लगेच ओरडला, “झालं!”

वहिनीने त्याच्या कोडवर चाचण्या चालवल्या. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. दादाने खुर्चीसकट गिरकी घेतली.

 पण धाकटीच्या स्क्रीनवर कर्सर अजून लुकलुकत होता, आणि अर्धवट सोडणं तिच्या रक्तातच नव्हतं.

“दादा, नाव द्यायला एवढं एक सांग. टेकडीच्या स्टॉपपर्यंत गाडीला चार मिनिटं जादा का दिलीस?”

“चढावर ती जुनी गाडी धापा टाकायची, म्हणून...” दादा अडखळला. “ती तर केव्हाच भंगारात गेली.”

“अगं बाई!” वहिनी उडालीच. “म्हणजे गाडी टेकडीवर उगाच उभी राहते ही प्रवाशांची बोंब खरीच होती! आणि तू ड्रायव्हर लोकांना आळशी ठरवून मोकळा झालास!”

दादाने आपल्या स्क्रीनकडे पाहिलं. तीच चार मिनिटं तिथे कुठल्याशा नवं-सातमध्ये सुखरूप होती. अंगावर ओरखडासुद्धा नाही.

खुर्ची ढकलत तो धाकटीच्या शेजारी आला.

“खरं सांगू? यातलं निम्मं मीच विसरलोय.”

धाकटीला हसावं की ओरडावं कळेना.  “पण शर्यत तर तू जिंकलास.”

“जिंकलो ना. तरी फाईल तुझी.” दादाने तिच्या स्क्रीनवर डोळे रोखले. “आता बोलत बसू नकोस. मला आठवतंय तोवर पुढचं विचार!”