सर्पाला कुणी मारलं

चिझुरूनं भाषणाचं शेवटचं पान तिसऱ्यांदा बाकीच्या कागदांखाली सरकवलं. देवळाचा मंडप भरत चालला होता. बायका चहा ओतत होत्या. पहिल्याच रांगेत पंच्याऐंशी वर्षांचे तोगाशी आजोबा बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, ताठ.

भातकापणी झाली की या डोंगरगावात नदीच्या सर्पाचा नाच होतो. सर्प मुलीला गिळायला येतो आणि परगावचा वीर त्याला मारतो. चाळीस वर्षं तो वीर तोगाशी आजोबांनी नाचला होता. पुराणकथांचा अभ्यास करायला विद्यापीठातून आलेल्या चिझुरूला देवळातल्या जुन्या पोथ्याही त्यांनीच काढून दिल्या. त्या पोथ्यांत काय आहे, ते आज तिला गावाला सांगायचं होतं.

गप्प बसावं तर दोन वर्षांचा अभ्यास खोटा. बोलावं तर म्हाताऱ्याच्या आयुष्यावर पाणी फिरणार.

तिचं नाव पुकारलं. ती उठली, आणि तयार केलेलं सगळं विसरून शेवटच्या पानावरचं तेवढंच बोलून गेली.

"जुन्या पोथीत वीर नाहीच. सर्पाला ती मुलगीच मारते, विळ्यानं. वीर मागाहून नव्या पोथीत घुसवलाय, युद्धाच्या वर्षांत. अगदी पोरकट अक्षरात."

"काहीतरीच काय!" मागून एक बाई ओरडली. "आजोबांच्या तोंडावर बोलवतं तरी कसं हिला?"

तोगाशी आजोबा उठले.

"माफ करा, आजोबा," चिझुरू पुटपुटली.

"ते अक्षर माझं आहे," ते म्हणाले. "बारा वर्षांचा होतो. वडील शाळामास्तर. गोष्टीत शूर शिपाई पाहिजे, असा वरून हुकूम आला. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. जुनी पोथी जाळून टाक म्हणाले. ती मात्र मी लपवली."

"का?" चिझुरूनं विचारलं.

"तोवर ती मुलगी माझी आई नाचायची."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?" तिनं विचारलं.

"वीर म्हणून गाव मान देत होतं. जीभ उचलेना. वाटलं, कुणीतरी शिकलेलं माणूस वाचेल आणि सांगून टाकेल." आजोबांनी तिच्या हातातल्या कागदांकडे पाहिलं. "तुझ्याआधी पाच जण आले, पोरी. पाचही जणांनी वाचलं, आणि माझी स्तुती करून निघून गेले."