चपलेतली जास्वंद

"बाई, चपलेच्या रबरानं सजवलेलं कार्ड तुम्ही घ्याल का?"

हे विचारून दाखवायची पैज मैत्रिणींनी लावली होती. बाबांची तुटकी स्लिपर कापून मी जास्वंदीचा ठसा कोरला होता. एकदा शाई लावून तो तीनदा उमटवला, की फुलं फिकट होत लांब जातात. पण शिक्षकदिनाला बाईंच्या हातात चपलेचं कार्ड? मागून शाल्मली कुजबुजली, "मेलीस आता!"

चित्रकलेच्या बाई कार्डाकडे बघतच राहिल्या. हजेरीलाही जिचा आवाज फुटत नाही ती मी, घामाघूम!

"शेवटचं फूल मुद्दाम फिकट ठेवलंस?"

"हो बाई, ते लांबचं आहे."

"वा गं! मला नाही सुचलं कधी हे. शनिवारी पाचवीच्या मुलांना शिकवशील?" बाईंनी कार्ड सगळ्यांना दिसेल असं फळ्याच्या चौकटीत खोचलं.

मी "शिकवीन!" म्हणाले, ते इतक्या मोठ्यानं, की सगळा वर्ग हसला. थँक्यू बाई, अगदी मनापासून!

घरी दप्तरही न उतरवता मी जाहीर केलं, "आई, बाबा, शनिवारी मी पाचवीच्या मुलांना शिकवणार आहे. आणि बाबा, या नव्या स्लिपर जरा लवकर झिजवा!"