वेशीबाहेरचा नारळ

सन १९३८. सीताबर्डीच्या डॉक्टरांसमोर सासूबाई नारळ घेऊन बसल्या होत्या. सुनेच्या, प्रेमलतेच्या अंगात येणारी सात वर्षांची पोर निघून गेली, की नारळ उतरवून वेशीबाहेर टाकायचा होता. पाच महिने डॉक्टर मात्र त्या पोरीला हाकलत नव्हते, तिच्याशी नुसते बोलत होते. आज प्रेमलतेच्या तोंडून ती प्रथमच उत्तरली, "मामा कोठीत कोंडून मारे, तवा ही निजून जाये. मार म्या खाल्ला."

"हे भूत नव्हे, आई," डॉक्टर म्हणाले. "सोसवेना, तेव्हा हिच्याच मनातून वेगळी झालेली ही हिचीच एक बाजू. आता दोघींची ओळख करून द्यायची."

प्रेमलता भानावर आली. सासूबाईंनी नारळ तिच्या पदरात घातला.

"ही ओटी तुही नाही वं, तिची हाये. तिनं तुले जगवलं, म्हणून तू माह्या घरी आली."