गुदगुल्या

जपानमधल्या त्या गावात जोमोन या प्रागैतिहासिक काळातल्या वस्तीचं उत्खनन चालू झाल्यापासून खापरं धुण्याचं काम गावातल्या बायकांकडेच होतं. आज हिसानोच्या हातात भाजलेल्या मातीची एक चकती आली. तिच्यावर तान्ह्या पावलाचा ठसा होता आणि वर दोरी ओवायला भोक.

"लेकरू गेलं की आई असा ठसा घरात टांगून ठेवायची म्हणे," शेजारी बसलेली तोकुए म्हणाली. "हळू घास गं, गुदगुल्या होतील त्याला!"

हिसानो हसली. तिने ठशाच्या तळव्यावरून ब्रश फिरवला आणि ठशातली बोटं आक्रसली.

हजारो वर्षांपूर्वी भाजलेली माती ती. हिसानोने डोळे पुसून पुन्हा ब्रश टेकवला. या वेळी अख्खं पाऊलच मागे खेचलं गेलं. चकती पोळपाटासारखी कोरी झाली.

मग तिच्या मांडीवर, एप्रनवर, एक इवलंसं ओलं पाऊल उमटलं. त्याच्या शेजारी दुसरं.

"चल, जेवून घेऊ," तोकुए हात पुसत उठली. "का गं? पाय आखडले का म्हातारीचे?"

हिसानोचा हात मांडीवरची रिकामी हवा थोपटत होता. तिने तो थांबवून पाहिला, थांबेना.

"उठता येत नाहीये गं मला," ती रडवेली होऊन कुजबुजली. "हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."