इफ्रानचा फोटो

नुझा फेस शहरातल्या एका बँकेत कामाला होती. बर्फ बघायला मैत्रिणी परस्पर इफ्रानला जमणार होत्या. ती निघाली, तेव्हा तिची आईही हौसेने सोबत आली.

उतरत्या लाल छपरांचं ते गाव थेट परदेशासारखं होतं. कॅफेच्या दारात मैत्रिणी भेटल्या, तशी त्यांच्यातल्या बुश्राने हळूच विचारलं, "ही म्हातारी कोण गं?"

आईच्या अंगात विटका, पायघोळ झेलाबा होता, पायांत रबरी बूट. नुझा बोलून गेली, "आमची कामवाली."

आई दोन पावलांवरच होती. नुझाची मान वर होईना.

"आण तो फोन, लेकी," आई म्हणाली. "तुमचा फोटो काढते."

फोटो काढून झाल्यावर बुश्राने फोन पाहिला. "अगं, ही तर आपल्यातच उभी आहे!"

मैत्रिणींच्या मधोमध आई उभी होती, नुझाच्या खांद्यावर हात ठेवून.

आईने पुन्हा फोटो काढला. दुसऱ्या फोटोतही ती होतीच, पण आता तिने तोंड नुझाकडे वळवलं होतं.

"यम्मा!" नुझा सगळ्यांदेखत ओरडली. "ही तूच ना गं?"

आईने फोटो निरखून पाहिला.

"नाही हो, ताई," ती अदबीने म्हणाली. "मी तुमच्याकडे कामाला असते."

आणि नुझाच्या खांद्यावर कुणाची तरी बोटं हळूच आवळली गेली.