डाव्या हाताचा आकडा

दुपारी पावणेदोनला व्हर्ना डीट्झच्या उजव्या हातातल्या मोजणीच्या यंत्रावर एक्केचाळीस हा आकडा होता, आणि गेले सव्वातीन तास तो जागचा हललेला नव्हता. डाव्या हातातल्या यंत्रावर एकशे त्रेसष्ट झाले होते. तो अंगठा आता ठणकायला लागला होता.

सॅक्रामेंटोच्या मॉलमध्ये, नव्या टॅबलेट संगणकाच्या दुकानासमोरच्या बाकावर ती सकाळी दहापासून बसून होती. काम अगदी सोपं. टॅबलेटचं खोकं घेऊन कुणी बाहेर पडलं की उजवा खटका दाबायचा. डावं यंत्र तिनं घरून आणलं होतं.

काम देणारा ग्रेसन न्यूयॉर्कचा. त्याचा धंदाच शितावरून भाताची परीक्षा करण्याचा. बारा मॉलमधल्या बारा बाकांवर त्यानं बारा माणसं बसवली होती, आणि त्यांच्या आकड्यांवरून तो टीव्हीवर भविष्य सांगायचा. महिनाभर सगळ्या देशात एकच वाद चालला होता, हा टॅबलेट टिकणार की झोपणार. ग्रेसन झोपणार म्हणणाऱ्यांतला. आकडे नीट दिले तर उन्हाळाभर काम देईन, असं त्यानं व्हर्नाला कबूल केलं होतं. शाळेचं स्वयंपाकघर बंद झाल्यापासून तिला वर्षभर धड काम नव्हतं. संध्याकाळी शिरगणतीसाठी ती दारोदार फिरायची, पण तेही जुलैत संपणार होतं.

एक म्हातारा हात हलवत बाहेर आला.

"मिळाला का हो?" व्हर्नानं विचारलं.

"कुठला मिळतोय! साडेदहालाच संपले म्हणे. नाव लिहून दिलंय. त्याच्यावर पेपरची अक्षरं हवी तेवढी मोठी होतात, माहितीय? मला पुन्हा पेपर वाचायचाय."

तिनं डावा खटका दाबला. एकशे चौसष्ट.

"बाई, दुसऱ्या हाताचे वेगळे पैसे मिळतात का?" मॉलचा रखवालदार एमिलियो सकाळपासून तिची गंमत बघत होता.

"नाही."

"मग अंगठा कशाला झिजवताय? अहो, तो नुसता फोनचा थोरला भाऊ आहे. आणि त्याच्यावर फोनसुद्धा करता येत नाही!"

"न का येईना. माणसं येतायत ना?"

तेवढ्यात फोन वाजला.

"व्हर्ना, दहा मिनिटांत मी चर्चेला बसतोय. बोला, आकडा?"

"उजव्या हातात एक्केचाळीस."

"आणि गेल्या शुक्रवारी दोनशे सहा! आपटला! मी काय म्हणत होतो?"

"जरा थांबा, ग्रेसन. ते एक्केचाळीस पहिल्या अर्ध्या तासातले. मग माल संपला. डाव्या हातात एकशे चौसष्ट आहेत. घ्यायला आले आणि तसेच परत गेले ते."

"तुम्हाला डावा हात कुणी सांगितला होता?"

"कुणीच नाही."

"अहो, ती माणसं नुसती हात लावून बघायला येतात."

"तसल्यांना मी धरलंच नाही. एकेकाला विचारलंय. नाव नोंदवून आलेले तेवढेच मोजलेत."

"मला गोष्टी नकोत, व्हर्ना. आठवडाभर मी सांगतोय की विक्री उतरली. मला आकडा हवाय."

"मग हा काय आहे? आम्ही शिरगणतीला जातो, तिथं दार उघडलं नाही म्हणून इथं कुणी राहत नाही असं लिहीत नाही. पुन्हा जातो."

ग्रेसननं आवाज मऊ केला. "उन्हाळ्याचं काम हवंय ना तुम्हाला?"

"हवंय तर. फार हवंय."

"मग मला एकच आकडा द्या."

"एकच हवा असेल तर डावा घ्या."

"उद्यापासून येऊ नका," ग्रेसन म्हणाला, आणि फोन बंद झाला.

व्हर्नाला वाईट वाटलं, नाही असं नाही. जून, जुलै, ऑगस्ट असे तीन महिने एका शब्दात हातचे गेले होते. पण आपलं चुकलं का, असं तिच्या मनात एकदाही आलं नाही. मोजणी ही मोजणी असते.

एमिलियोनं समोरच्या सँडविचवाल्याला टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितलं. पडद्यावर ग्रेसन निळा टाय लावून बसला होता. त्याच्यासमोर एक पिकल्या केसांची बाई होती. टॅबलेट हीच पुढची दुनिया आहे, असं ती ठासून सांगत होती.

"पुढची दुनिया?" ग्रेसन हसला. "सॅक्रामेंटोत गेल्या शुक्रवारी दोनशे सहा विकले गेले. आज एक्केचाळीस. नव्याचे नऊ दिवस होते ते, संपले!"

"आणि ज्यांना मिळाला नाही ते?" त्या बाईनं विचारलं. "ते किती होते?"

"त्यांचा आकडा माझ्याकडे नाही. कुणाकडेच नसतो."

"अहो, हा धडधडीत खोटं बोलतोय!" एमिलियो ओरडला. सँडविचवाल्यानं सुरी थांबवून त्याच्याकडे पाहिलं.

चर्चा संपेपर्यंत व्हर्नानं सगळं ऐकून घेतलं. मग अंगठा एकदा चोळला आणि डावा खटका दाबला.

एमिलियोनं वळून दुकानाच्या दाराकडे पाहिलं. दारात कुणीच नव्हतं.

"आता कोण गेलं?"

व्हर्नानं हनुवटीनं टीव्हीकडे खूण केली. पडद्यावर ग्रेसन हसत हसत आपले कागद गोळा करत होता.

"एकशे पासष्ट," ती म्हणाली. "आकडा न्यायला आला होता, तसाच परत गेला."