पुरे म्हणणारी

केळुसकरांच्या चित्रावर रंगाचे इतके थर चढले होते, की मुळात काढलेली नदी केव्हाच गडप झाली होती. मासिकासाठी मुलाखत घ्यायला आलेली मुलगी मात्र हरखून गेली. "सर, ही तुमची नवी शैली का?"

"शैली कसली? चिखल आहे तो," केळुसकर खेकसले.

"मग चित्र पूर्ण झालं, हे कोणत्या तत्त्वावर ठरवता?"

"तत्त्वं भाषणांपुरती असतात, बाई. आमची मालती चहा घेऊन यायची, चित्राकडे बघायची आणि म्हणायची, 'पुरे, आता बिघडवाल.' मी ब्रश खाली ठेवायचो. ती वारली, तेव्हापासून हा हात चालूच आहे."

मुलगी वरमली. हळूच म्हणाली, "मला तर हे पूर्ण वाटतंय, सर."

"तुम्हाला वाटून काय उपयोग?" म्हणत केळुसकरांनी पुन्हा ब्रश रंगात बुडवला.